घर पाहावे तपासून

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्यार्थ्यांचा गुणगौरव होतो, वधू-वरांचा परिचय होतो, आणि वडीलधाऱ्यांच्या सत्काराचे नारळ वाटले जातात. त्या मंगल कार्यक्रमांच्या मध्ये घराच्या भिंतीतील ओल आणि स्लॅबचा गंज हा विषय घेऊन उभे राहताना आम्हांस थोडा संकोच वाटतो. आम्ही काही इंजिनिअर नव्हे, वकीलही नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलो, शिक्षकाची सनद मिळविली आणि पुढे सारी उमर खडू-फळ्याशी घालविली. तथापि घराच्या खरेदीत एकदा स्वतः चुकलो आणि एकदा चुकता चुकता सावरलो. तेवढ्याच अधिकारावर आज बोलत आहोत.

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडील म्हण आहे. हल्ली घर बांधणारे थोडे आणि बांधलेले घेणारे फार. बांधणाऱ्यास आपल्या पायात किती दगड गेले हे ठाऊक असते. घेणाऱ्यास रंग तेवढा दिसतो. त्यातून विकणारा आपल्याच समाजाचा असला, म्हणजे तर डोळे मिटूनच व्यवहार करावा, असा आपल्यात एक संकेत पडून गेला आहे. इंजिनिअर आणून भिंती ठोकून पाहणे म्हणजे समोरच्याच्या सचोटीवर शंका घेणे, असे आपण समजतो. या समजुतीने आमचे जे नुकसान झाले, ते प्रथम सांगतो.

सन १९९२ मध्ये आम्ही जुन्या शहरात, गुलमंडीपासून थोड्या अंतरावर, दोन खणांचे एक माळवदी घर घेतले. विकणारे गृहस्थ आमच्या वडिलांच्या स्नेहातील, ज्ञातीतलेच. एक कप चहावर किंमत ठरली. माळवद म्हणजे काय हे येथील तरुण मंडळींस कदाचित ठाऊक नसेल. भिंतींवर लाकडी तुळया टाकावयाच्या, त्यांवर लाकडाची आडवी मांडणी करावयाची आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर चोपून बसवावयाचा. उन्हाळ्यात घर थंडगार राहते. पावसाळ्यापूर्वी वर नवी माती टाकण्याची रीत असे. त्यामुळे पिढी-दोन पिढ्यांत डोक्यावरचा भार किती वाढला, याचा हिशेब कोणीच ठेवीत नसे.

दिनांक ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांत, ज्यांतील दुसऱ्याचे नाव आता धाराशिव आहे, सुमारे दहा हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवरील माळवदांचे ओझे, ही दोन्ही झोपलेल्या माणसांवर कोसळली. आपले शहर तेथून दूर. परंतु त्या दिवसानंतर माळवदाखाली निजताना आमचा डोळा लागेना. ओळखीच्या एका ओव्हरसिअरास बोलाविले. त्यांनी तुळयांची टोके जेथे भिंतीत शिरतात तेथील गिलावा खरवडला. आतले लाकूड वाळवीने असे पोखरले होते की, बोटाने दाबताच भुसा पडला. वर मातीचा थर दोन फुटांहून अधिक होता. सारे माळवद उतरवून नवे छप्पर घालणे प्राप्त झाले, आणि तो खर्च आम्ही घरासाठी मोजलेल्या किमतीच्या जवळजवळ निम्मा आला. आमच्या मंडळींच्या पाटल्या त्यात गेल्या.

परंतु सांगावयाची गोष्ट पाटल्यांची नव्हे. त्या गृहस्थांशी आम्ही एक शब्दही बोललो नाही. भांडलो नाही, विचारले नाही, केवळ बोलणे सोडले. लग्नकार्यात समोर आले तर मान फिरविली. अकरा वर्षे असे चालले आणि सन २००४ मध्ये ते वारले. तुळयांची टोके भिंतीत बुजलेली असतात. आतील वाळवी त्यांस तरी दिसली होती की नाही, हे आम्हांस अद्यापि ठाऊक नाही, आणि आता कळण्याचा मार्गही नाही. व्यवहारापूर्वी एका माणसास भिंत खरवडू दिली असती, तर पाटल्याही राहिल्या असत्या आणि स्नेहही राहिला असता.

आता दुसरी हकीकत. ही अलीकडची, चार वर्षांपूर्वीची आहे. दोन्ही पक्षांची परवानगी घेऊन सांगत आहोत. तरी घर कोणाचे याचा तर्क आपण करीत बसू नये. कराल, हेही ठाऊक आहे.

आमचा भाचा वाळूजच्या एका कारखान्यात नोकरीस आहे. त्याने गारखेडा भागात आपल्याच समाजातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांचे तीस वर्षांचे घर पसंत केले. त्यांस आपण नाना म्हणू. बासष्ट लाखांस सौदा ठरला, दोन लाख इसार दिला आणि इसारपावतीवर साक्षीदार म्हणून आमची सही झाली. खरेदीदार मागे हटल्यास इसार बुडाला, असे त्या पावतीत स्वच्छ लिहिले होते; तपासणीचे नावही नव्हते. १९९२ साली पोळलेल्या माणसाने असल्या पावतीवर सही केली, हे आम्ही कबूल करतो. नानांच्या समोर ‘तपासणी’ हा शब्द आमच्या तोंडून निघाला नाही.

तो निघाला आमच्या भाचेसुनेच्या तोंडून. घर पाहावयास गेल्या वेळी स्वयंपाकघराचे दार लावताना चौकटीस अडकले, हे तिने हेरले होते. ती म्हणाली, “मामा, दार नवे आहे, तरी ते अडकते. म्हणजे चौकट हलली आहे, आणि चौकट हलली म्हणजे भिंत हलली.” भाच्याने तिला गप्प बसविण्याचा यत्न केला. “मामांनी शब्द दिला आहे,” असे तो म्हणाला. तेव्हा ती म्हणाली, “मामांनी शब्द दिला, पण हप्ते वीस वर्षे आपण द्यायचे आहेत.” आम्ही दुसऱ्या दिवशी इंजिनिअरकडे गेलो.

काही लोकांची समजूत असते की, कर्ज देणाऱ्या बँकेचा माणूस घर पाहून जातो, मग निराळा इंजिनिअर कशास? बँकेचा माणूस येतो तो घर विकून बँकेचे पैसे वसूल होतील की नाही हे पाहण्यास. तुमच्या मोरीचा स्लॅब पाहणे हे त्याचे काम नव्हे.

इंजिनिअरने नऊ हजार रुपये घेतले आणि दोन दिवस घर पाहिले. त्यांच्याकडून आम्ही जे शिकलो ते शाळेत शिकविले असते तर बरे झाले असते, असे वाटते. आपल्या शहराच्या पुष्कळ भागांत वर काळी माती आहे, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा आपण पाहतोच. पाया मुरुमापर्यंत खोल गेलेला असेल तर घरास तिची बाधा थोडी. वरच राहिला असेल तर जमिनीबरोबर घरही श्वास घेते. त्यातून आपल्या शहरात नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, म्हणून घरोघर जमिनीत हौद खणलेले. पैठणच्या जायकवाडीतून इतक्या लांबून आलेले पाणी साठविणे भागच आहे. परंतु तो हौद भिंतीस लागून असला आणि पाझरू लागला, म्हणजे घराच्या एका बाजूची माती बारमाही ओली आणि दुसऱ्या बाजूची कोरडी. एक कोपरा वर उचलला जातो, दुसरा जागीच राहतो, आणि मधली भिंत तडकते. नानांच्या घरी नेमके हेच झाले होते.

भेगांचीही भाषा असते, ती त्यांनी आम्हांस वाचून दाखविली. गिलाव्यावर केसासारख्या बारीक, जाळीदार भेगा असल्या तर त्या गिलावा वाळतानाच्या, भिऊ नये. दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर चढत गेलेली भेग मात्र पायाचे गाऱ्हाणे सांगत असते. आणि तुळईच्या किंवा स्लॅबच्या खालच्या अंगास, गजाच्या रेघेनेच सरळ गेलेली भेग म्हणजे आतला गज गंजत आहे. गंजलेले लोखंड मूळच्या लोखंडाहून कितीतरी पट जागा घेते आणि भोवतीचे काँक्रीट फोडून बाहेर येते. वरून पोपडे काढून रंग दिला की वर्षभर काहीच दिसत नाही. मोरीवरील स्लॅबचा एक टवका काढून त्यांनी त्यावर फेनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकले. चांगले काँक्रीट त्याने गुलाबी होते. येथे ते बोटभर खोलपर्यंत गुलाबी झाले नाही. आम्ही सातवीच्या वर्गात हाच प्रयोग चुन्याच्या निवळीवर करून दाखवीत असू. तो पुढे घराच्या कामी येईल, असे वाटले नव्हते.

अहवाल हाती आला आणि शेवटी आकडा होता आठ लाख चाळीस हजारांचा.

अशा वेळी घरात जे होते ते आमच्याही घरी झाले. भाचा म्हणाला, सौदा मोडू. त्याचे वडील म्हणाले, इतक्या जुन्या घरास एवढे निघावयाचेच, पुढे चला. आणि आम्ही, ज्यांनी साक्षीदार म्हणून सही केली होती, आम्ही मनातून म्हणत होतो की हा अहवाल नानांच्या दृष्टीस पडू नये. आमची अब्रू वाचावी म्हणून भाच्याने आठ लाख सोसावे, असा त्याचा अर्थ होता. पुन्हा १९९२ च्या मार्गाने चाललो आहोत, हे आमच्या ध्यानी आले ते त्या रात्री, झोप न आल्यामुळे.

सकाळी आम्ही अहवाल वहीत उतरून काढला. आठ लाख चाळीस हजार हा आकडा एकवट भयंकर दिसतो. फोडला म्हणजे तो निरनिराळ्या माणसांचा निरनिराळा देणेकरी होतो. पाझरणारा हौद मोडून भिंतीपासून दूर नवा बांधणे, १ लाख ६० हजार. स्वयंपाकघर व मोरीवरील स्लॅबची दुरुस्ती, ३ लाख १० हजार. गच्चीची ओल बंद करणे, १ लाख २० हजार. विजेच्या तारा बदलणे, ९० हजार. गिलावा आणि रंग, १ लाख ६० हजार. यांपैकी तारा जुन्या आहेत आणि भिंतींचा रंग उडाला आहे, हे सौदा करताना कोणासही दिसत होते. ठरलेल्या किमतीत ते आलेच. त्याबद्दल आता नानांकडे मागणे हे चोख नव्हे. हौद आणि स्लॅब मात्र झाकलेले होते. गच्चीबद्दल दोन्ही बाजूंनी बोलता येईल.

कायदाही बराचसा असाच भेद करतो. सन १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे, मालमत्तेतील किंवा मालकीहक्कातील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्यास ठाऊक आहे, खरेदीदारास ठाऊक नाही आणि जो साधारण काळजीने पाहूनही त्यास कळला नसता, तो विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. उघड दिसणाऱ्या दोषाविषयी मात्र कायदा खरेदीदारास डोळे उघडे ठेवावयास सांगतो. आम्ही हे नानांना कायदा दाखविण्यासाठी वाचले नाही. आपले मागणे रास्त आहे की नाही, हे स्वतःस पटावे म्हणून वाचले.

नंतर आम्ही आणि भाचा नानांकडे गेलो. अहवालाची प्रत जशीच्या तशी त्यांच्या हाती दिली. ते तापले. “गुरुजी, तीस वर्षे आम्ही या घरात राहिलो, दोन मुलींची लग्ने याच अंगणात झाली, आणि तुम्ही परका माणूस आणून आमच्या भिंती फोडता?” आम्ही गप्प राहिलो. त्यांस १९९२ ची आमची हकीकत, अकरा वर्षे मान फिरविल्यासह, सांगितली. तीही समाजातील एका माणसाचीच असल्याने त्यांस अर्धवट माहीत होती. मग दारामागून नानी म्हणाल्या, “हौद उन्हाळ्यात दोन दिवसांत रिकामा होतो, हे मी तुम्हांला तीन वर्षे सांगते आहे.” पुढची बोलणी सोपी झाली.

येथे एक व्यवहारातील खाच आहे, ती नीट ऐकावी. किंमत कमी झाली म्हणजे दुरुस्तीचे पैसे हाती आले, असे सर्वांस वाटते. तसे नाही. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या शेकडा ८० पर्यंतच रक्कम देऊ शकते. बासष्ट लाखांच्या घरास भाच्याला पदरचे १२ लाख ४० हजार घालावयाचे होते. समजा किंमत पावणेचार लाखांनी उतरली, तरी उतरलेल्या रकमेचा चार-पंचमांश भाग कर्जातून उतरतो, खिशात राहतो तो एक-पंचमांश. दुरुस्ती मात्र रोख मागते. म्हणून काही कामे विक्रेत्याने खरेदीखतापूर्वी स्वतः करून देणे खरेदीदाराच्या सोयीचे असते. पण तेथेही विवेक पाहिजे. विकून मोकळा होणारा माणूस दुरुस्ती करील ती स्वस्तातली करील. यात त्याचा स्वभाव नव्हे, स्थिती बोलते. जे काम झाल्यावर पारखता येते ते त्याच्याकडे द्यावे, जे झाकले जाते ते आपण करावे. नवा हौद भरून आठ दिवस पाण्याची खूण पाहता येते. स्लॅबच्या पोटातील गज पुन्हा कोण पाहणार?

त्याप्रमाणे हौद नानांनी इंजिनिअरच्या देखरेखीखाली बांधून दिला. स्लॅबचा सारा खर्च आणि गच्चीचा निम्मा, मिळून ३ लाख ७० हजार किमतीतून वजा झाले आणि ५८ लाख ३० हजारांस खरेदीखत झाले. भाच्याच्या वाट्यास ६ लाख ८० हजारांची कामे राहिली. कर्जाच्या हिशेबात त्याची पदरची रक्कम वाचली ती अवघी ७४ हजार. म्हणून गिलावा-रंग वर्षभर लांबणीवर टाकला, थोडी रक्कम भविष्यनिर्वाह निधीतून काढली आणि थोडी सुनेच्या दागिन्यांवर घेतली. ते दागिने पुढे सुटले. स्लॅब उघडल्यावर आणखी दोन ठिकाणी गंज निघाला आणि सत्तर हजार जादा लागले. उघडल्याशिवाय खरा खर्च कळत नाही, म्हणून अंदाजाचा एक दशांश बाजूस ठेवा, असे इंजिनिअरने बजावले होते. त्यातून ते भागले. आणि हो, मुद्रांक शुल्काच्या भरवशावर राहू नये. रेडी रेकनर म्हणून सर्वांस परिचित असलेल्या सरकारी तक्त्याची किंमत ठरलेल्या किमतीहून अधिक असली, तर शुल्क त्या तक्त्यावरच बसते.

हे झाले भिंतींचे. काही दोष मात्र गवंड्याच्या हातचे नसतात. आपले शहर सन १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते; जुन्या शहरातील पुष्कळ घरांचे मूळ कागद उर्दूत आणि फसली सनांत आहेत. ते जाणकाराकडून वाचवून घेतल्यावाचून मालकीची साखळी जुळत नाही. मदतमाश, खिदमतमाश असे शब्द त्यांत आले तर जमीन इनामाची असण्याचा संभव, आणि तिच्या हस्तांतरास सरकारी परवानगीचा प्रश्न उभा राहतो. सिडकोच्या भागात जमीन भाडेपट्ट्याची की मालकीची हे पाहावे. गुंठेवारीच्या वस्त्यांसाठी सन २००१ चा कायदा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांस नियमित होण्याची वाट मिळाली आहे. विक्रेता ‘होऊन जाईल’ म्हणतो तेव्हा झाल्याचा कागद मागावा. किंमत कितीही उतरवून असला दोष भरून निघत नाही. भाच्याच्या घराच्याच वर्षी आमच्या एका नातलगास, आरक्षणात अर्धा गेलेला भूखंड स्वस्तात मिळतो म्हणून मोह झाला होता. त्यास आम्ही हात जोडून परत फिरविले. त्याचे दहा हजार वकिलाकडे गेले, आणि तो अद्यापि हळहळतो.

नवीन फ्लॅट घेणाऱ्यांस थोडा अधिक आधार आहे. सन २०१६ च्या रेरा कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखविल्यास बिल्डरने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाचा आहे. जुन्या घरास तसा रक्षक कोणी नाही.

बाहेरच्या देशांत ही रीत कधीच रुळली आहे. इंग्लंडात घर पाहणाऱ्या सर्व्हेअरांची संस्था सन १८६८ पासून आहे, आणि पक्का करार होण्यापूर्वी तपासणी करून किमतीविषयी पुन्हा बोलणे तेथे कोणास अपमानाचे वाटत नाही. स्कॉटलंडात तर डिसेंबर २००८ पासून, काही अपवाद सोडता, घर विकावयास काढणाऱ्यानेच तपासणीचा अहवाल तयार ठेवावयाचा, असा नियम आहे. आम्हांस ही रीत फार आवडली. आपल्यापैकी जे घर विकणार आहेत, त्यांनी आधी स्वतःच इंजिनिअर आणावा. दोष निघाला तर तो आपल्या सवडीने आणि आपल्या गवंड्याकडून दुरुस्त करता येतो. नानाही आता हेच म्हणतात. ते आम्हांशी बोलतात; किंबहुना गेल्या दिवाळीत भाच्याच्या घरी फराळास आले होते. स्वयंपाकघराच्या दाराशी आम्ही तडा बुजविल्यावर त्यावर काचेची एक पट्टी चिकटवून घेतली आहे आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली आहे. भिंत हलली तर काच फुटते. वैशाखात जमीन कोरडी असताना आणि श्रावणात ती भिजल्यावर, असे वर्षातून दोनदा आम्ही ती पाहतो. परवापर्यंत ती शाबूत होती.

आता एवढेच. इसारपावतीत घालावयाचे एक कलम आम्ही एका वकील बंधूंकडून लिहवून आणले आहे, ते वाचून दाखवितो. “खरेदीदाराने आपल्या खर्चाने इसाराच्या तारखेपासून २१ दिवसांच्या आत घराची व कागदपत्रांची तपासणी करावी. विक्रेत्याने त्यास घरात प्रवेश द्यावा. तपासणीत उभयतांनी ठरविलेल्या रकमेहून अधिक खर्चाचा दोष आढळल्यास किमतीचा फेरविचार करावा. एकमत न झाल्यास विक्रेत्याने १५ दिवसांत इसाराची पूर्ण रक्कम परत करावी व व्यवहार रद्द समजावा.” रकमेची जागा कोरी ठेवली आहे, ती घरपरत्वे भरावी. पन्नास प्रती काढल्या आहेत आणि त्या दाराशी, वर्गणीच्या टेबलावर ठेवल्या आहेत. एका कुटुंबाने एकच घ्यावी.